वाळूच्या कणाचा पाठलाग

वैशाखातल्या दुपारी आमच्या गावच्या माळावर वावटळ उठली, की आजी आम्हां मुलांना हाताला धरून घरात ओढून नेई. वावटळीत भूत असते, ते पोरांना उचलून नेते, अशी तिची पक्की समजूत. आम्ही दाराच्या फटीतून पाहत असू. पाचोळा, कागदाचे कपटे आणि तांबूस धूळ गरगरत वर चढे, क्षणभर आकाशाला टेकल्यासारखी वाटे आणि पाहता पाहता नाहीशी होई. भुताची भीती वयाबरोबर गेली. वावटळ म्हणजे काय हे शाळेच्या पुस्तकात वाचले, परीक्षेत लिहिले आणि विसरूनही गेले.

पुढे बारावीला विज्ञान शाखेत माझी विकेट पडली. एक वर्ष फुकट गेले आणि मी कला शाखेत आले. घरी कोणी फारसे बोलले नाही. पण न बोलण्यातही पुष्कळ बोलता येते. विज्ञानाचा दरवाजा आपल्या तोंडावर कायमचा बंद झाला, आता पाठांतर करून पदवी मिळवायची एवढेच आपल्या हाती, अशी माझी समजूत झाली. भूगोल हा विषयही मी त्याच हिशेबाने घेतला. नद्यांची नावे, पिकांची नावे, टेकड्यांचे प्रकार!

गेल्या वर्षी आमच्या सरांनी प्रत्येकाला एकेक विषय वाटून दिला. माझ्या वाट्याला 'वाऱ्याचे कार्य' आले. क्रमिक पुस्तकात त्याला जेमतेम दोन पाने होती. वारा मध्यम कण उड्या मारीत नेतो, बारीक कण तरंगत नेतो, जाड कण सरपटत नेतो. त्यातून बारखण नावाच्या चंद्रकोरीसारख्या टेकड्या तयार होतात, वगैरे. मी ती दोन पाने सुवाच्य अक्षरात उतरवून सरांपुढे ठेवली. सरांनी वही परत केली आणि फक्त एवढेच विचारले, की वाळूचा कण उड्या मारतो हे कोणी पाहिले, आणि कसे पाहिले? मला उत्तर देता आले नाही. त्या उत्तराच्या शोधात ज्या माणसाची भेट झाली, त्याची ओळख माझ्या वाचकमित्रांना करून द्यावी म्हणून हा लेखनप्रपंच.

त्यांचे नाव राल्फ अल्गर बॅग्नोल्ड. जन्म ३ एप्रिल १८९६, इंग्लंडमधील डेव्हनपोर्ट येथे. वडील इंग्रज लष्करात इंजिनिअर दलाचे कर्नल होते आणि खार्टुमला वेढ्यात सापडलेल्या जनरल गॉर्डनच्या सुटकेसाठी १८८४-८५ साली गेलेल्या मोहिमेत ते सामील होते. म्हणजे नाईल नदी आणि तिच्या पलीकडचे वाळवंट यांच्या गोष्टी या मुलाने घरातच ऐकल्या असणार. बालपणाची काही वर्षे जमेका बेटावर गेली. थोरली बहीण एनिड पुढे नामवंत लेखिका झाली. तिची 'नॅशनल व्हेल्व्हेट' ही कादंबरी १९३५ साली निघाली आणि त्याच वर्षी धाकट्या भावाचे 'लिबियन सँड्स' हे प्रवासवर्णनही निघाले. एकाच घरातल्या दोन भावंडांची दोन पुस्तके एका वर्षात! पण तो प्रसंग यायला अजून अवकाश होता.

१९१५ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, बॅग्नोल्ड लष्कराच्या इंजिनिअर दलात अधिकारी झाले आणि फ्रान्सच्या आघाडीवर रवाना झाले. सोम आणि पाशेंडेल या लढाया त्यांनी चिखलात उभे राहून पाहिल्या. ज्याने पुढे जन्मभर कोरड्या वाळूचा ध्यास घेतला, त्याचे तारुण्य त्या ओल्या, सडक्या चिखलात गेले हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. युद्ध संपल्यावर त्यांनी केंब्रिजला इंजिनिअरिंगचे शिक्षण पुरे केले आणि १९२१ साली ते पुन्हा लष्करी नोकरीत परतले. तोवर ते संदेशवहन दलात बदलून आले होते. या नोकरीनेच त्यांना कैरोला आणि हिंदुस्थानात नेले.

कैरोतील गोऱ्या अधिकाऱ्यांचे आयुष्य पोलो, क्लब आणि मेजवान्या यांत जात असे. बॅग्नोल्ड आणि त्यांचे चारदोन मित्र मात्र रजा मिळाली, की स्वतःच्या पैशाने घेतलेल्या फोर्ड गाड्या काढून वाळवंटात शिरत. नाईलच्या पश्चिमेला लिबियाचे वाळवंट पसरले आहे. त्यातील वाळूचा महासागर उत्तर-दक्षिण शेकडो मैल लांब आहे. त्यात रांगांमागून रांगा उभ्या असतात. मोटारीला तो ओलांडता येणे शक्यच नाही, असे जाणते लोक सांगत. उंटांच्या तांड्यांनाही तो टाळूनच जावे लागे.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. या भूमीचा शोध बॅग्नोल्ड यांनी लावला असे म्हणणे अन्यायाचे होईल. बदाऊनी आणि तेबू लोक पिढ्यान् पिढ्या तेथे वावरत होते. अहमद हसनैन बे या इजिप्शियन प्रवाशाने १९२३ साली उंटांवरून हे वाळवंट पार करून उवैनात पर्वताचा ठावठिकाणा जगाला कळविला होता. बॅग्नोल्ड यांचे कर्तृत्व निराळ्या जातीचे आहे. त्यांनी वाळवंटाला प्रश्न विचारले, आणि त्यांची उत्तरे साध्या साध्या युक्त्यांनी मिळविली.

उदाहरणे पाहा. मोटारीचे इंजिन उन्हाने तापले, की रेडिएटरमधील पाणी उकळून वाफ होऊन जाई. वाळवंटात पाणी म्हणजे प्राण. बॅग्नोल्ड यांनी रेडिएटरची वाफेची नळी अर्ध्या भरलेल्या पाण्याच्या डब्यात सोडली. वाफ डब्यात जाऊन पाणी होई आणि इंजिन थंड झाले, की तेच पाणी पुन्हा रेडिएटरमध्ये ओढले जाई. दुसरी अडचण दिशेची. गाडीच्या लोखंडामुळे चुंबकाची सुई भरकटे. त्यांनी अंशांच्या खुणा केलेल्या तबकडीवर मधोमध एक उभी सळई लावली आणि तिच्या सावलीवरून दिशा ठरविण्याचे सूर्यहोकायंत्र तयार केले. गाडी चालू असतानाही ते उपयोगी पडे. तिसरी अडचण रुतणाऱ्या चाकांची. त्यासाठी टायरमधील हवा कमी करणे आणि भंगारवाल्याकडून आणलेले पन्हळी पोलादी पट्टे चाकांखाली सरकविणे, हे उपाय निघाले. आमच्याकडे पावसाळ्यात चिखलात रुतलेल्या बैलगाडीच्या चाकाखाली फळी किंवा पळाट्या सारतात, त्याच जातीची ही अक्कल!

अशा तयारीने १९२९ आणि १९३० सालच्या मोहिमांत त्यांनी वाळूच्या महासागरात गाड्या घातल्या. ताठ उभ्या दिसणाऱ्या टेकडीवर भरधाव गाडी नेली तर काय होईल? गाडी रुतली नाही, ती अलगद वर चढली! वाऱ्याने ठोकून घट्ट केलेला उतार कोणता आणि भुसभुशीत उतार कोणता हे एकदा कळले, की महासागराला वाटा फुटतात. १९३२ साली सुमारे ६,००० मैलांची मोहीम त्यांनी पार पाडली. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले.

एवढ्यावर थांबते तर ते एक धाडसी प्रवासी म्हणून राहिले असते. असे प्रवासी त्या काळात पुष्कळ होते. पण टेकड्यांच्या त्या रांगांनी त्यांच्या मनात एक कोडे घालून ठेवले होते. वाऱ्याने उधळलेली वाळू खरे तर कशीही पसरायला हवी. मग शेकडो मैलांवर त्याच त्या आकाराच्या टेकड्या इतक्या नीटनेटक्या का? बारखण टेकडी वर्षानुवर्षे पुढे सरकते, तिची दोन शिंगे वाऱ्याच्या दिशेला तशीच राहतात, आकार मोडत नाही, हे कसे? जिवंत प्राण्यासारखी ती आपला आकार कशी राखते? पुस्तके चाळली तर उत्तर सापडेना. भूगोलवाले टेकड्यांना नावे देत होते, मोजणी कोणी केली नव्हती.

१९३५ साली, एकोणचाळिसाव्या वर्षी, प्रकृतीच्या कारणाने ते लष्करातून निवृत्त झाले. निवृत्त अधिकाऱ्याने बाग करावी, गोल्फ खेळावा, तर यांनी लाकडाचा एक लांबलचक बोगदा तयार केला! त्याला काचेची बाजू होती, एका टोकाला पंखा होता. हा वातबोगदा लंडनच्या इंपीरियल कॉलेजात उभा राहिला. ना ते तेथील प्राध्यापक, ना विद्यार्थी, ना पगारी संशोधक. वाळू चाळायची, बोगद्यात पसरायची, वारा सोडायचा, उजेडाच्या झोतात उडणाऱ्या कणांची छायाचित्रे घ्यायची आणि तराजूत वाळू तोलायची, असा त्यांचा दिनक्रम झाला. सरांच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे मिळाले. कण उड्या मारतो हे पाहिले ते या माणसाने, काचेतून.

आता त्यांनी पाहिले तरी काय? वारा हळूहळू वाढवीत नेला, की एका ठराविक वेगाला वाळूचे काही कण सुटतात. सुटलेला कण उसळून वर जातो, वरच्या वेगवान वाऱ्यात सापडतो, पुढे ढकलला जातो आणि तिरकस येऊन खाली आदळतो. त्या आदळण्याने दुसरे कण उसळतात, ते पुन्हा आदळतात, आणि बघता बघता सगळा पृष्ठभाग नाचू लागतो. उडत आलेला कण स्वतःच्या दोनशेपट वजनाच्या कणालाही धक्क्याने पुढे सरकवू शकतो, हेही त्यांनी दाखविले. वाळू वाऱ्यापेक्षा वाळूमुळेच अधिक हलते! म्हणून एकदा नाच सुरू झाला, की तो चालू ठेवायला सुरुवातीपेक्षा कमी वारा पुरतो. हलविण्याचा वेग निराळा आणि हलते ठेवण्याचा वेग निराळा, हा त्यांचा सिद्धांत. वारा वाढला, की वाळूची वाहतूक त्याच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ढोबळ मानाने वारा दुप्पट तर वाहतूक आठपट, हेही त्यांनी मोजून सांगितले.

यातूनच धूळ आणि वाळू यांतील भेद स्पष्ट झाला. खऱ्या वाळूच्या वादळात वाळू जमिनीलगत धावते. माणसाचे डोके आणि खांदे पुष्कळदा स्वच्छ हवेत असतात. आकाश झाकोळून टाकते ती धूळ. गंमत अशी, की धूळ वाळूपेक्षा हलकी असूनही तिला उचलणे अधिक कठीण असते. बॅग्नोल्ड यांनी सिमेंटच्या भुकटीचा गुळगुळीत थर देऊन वारा सोडला. खडे हलविणारा वाराही तिला हलवू शकला नाही. बारीक कण एकमेकांना चिकटून असतात आणि जमिनीलगतच्या संथ हवेच्या पांघरुणात दडलेले असतात. त्यांना बाहेर काढायला कोणीतरी धक्का द्यावा लागतो, आणि तो धक्का वाळूचा कण देतो.

हे वाचून माझा विश्वास बसेना. सुटीत घरी गेले तेव्हा मी परातीत मैद्याचा थर पसरला, वाटीच्या बुडाने तो दाबून गुळगुळीत केला आणि समोर टेबलफॅन हळू लावला. मैदा ढिम्म हलला नाही. मग वाऱ्याच्या बाजूने चिमूटभर रवा सोडला. त्याबरोबर मैद्याचा भपकारा उडाला आणि स्वयंपाकघराची वावटळ झाली! आईने मैद्याच्या नासाडीबद्दल जे ऐकवायचे ते ऐकवलेच. पण बारावीच्या प्रयोगशाळेत वर्षभर उभे राहून मला जे वाटले नव्हते, ते त्या दिवशी वाटले. पुस्तकातले वाक्य माझ्या डोळ्यांदेखत खरे झाले होते.

बोगद्यात मिळालेली उत्तरे खऱ्या वाळवंटात टिकतात की नाही हे पाहण्यासाठी बॅग्नोल्ड १९३८ साली पुन्हा लिबियाच्या वाळवंटात गेले, वादळात बसून मोजमापे घेऊन आले, आणि १९४१ साली त्यांचा 'द फिजिक्स ऑफ ब्लोन सँड अँड डेझर्ट ड्यून्स' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. वाऱ्याने वाहणाऱ्या वाळूचे शास्त्र म्हणून जे काही आज आहे, त्याचा पाया हा ग्रंथ होय.

पण ग्रंथ छापून येईपर्यंत लेखक पुन्हा गणवेशात गेला होता. १९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि बॅग्नोल्ड यांना परत बोलावण्यात आले. त्यांची नेमणूक होती केनियात; परंतु त्यांच्या जहाजाची भूमध्य समुद्रात टक्कर झाली आणि ते इजिप्तच्या किनाऱ्याला उतरले. नशिबाने त्यांना बरोबर त्यांच्या वाळवंटाच्या दारात आणून सोडले होते! जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली. तेव्हा इजिप्तमधील सेनेचे प्रमुख होते जनरल वेव्हेल, म्हणजे पुढे आपल्याकडे व्हाइसरॉय होऊन आले तेच. वाळवंटातून शत्रूच्या पिछाडीला जाऊन टेहळणी करणारी एक लहान तुकडी उभारावी, अशी योजना बॅग्नोल्ड यांनी मांडली. वेव्हेल यांनी ती तत्काळ मान्य केली आणि सहा आठवड्यांत तुकडी सज्ज झाली. तिचे बहुतेक पहिले जवान न्यूझीलंडचे होते, त्यांत शेतकरी पुष्कळ. रजेत खेळ म्हणून शोधलेल्या वाफेच्या डब्याच्या, सूर्यहोकायंत्राच्या आणि पोलादी पट्ट्यांच्या युक्त्या आता युद्धाची साधने झाल्या. 'लाँग रेंज डेझर्ट ग्रुप' या नावाने ही तुकडी पुढे प्रसिद्धी पावली.

या ठिकाणी मी थोडी अडखळते. १९३० साली वाडी हाल्फा येथे बॅग्नोल्ड आणि त्यांच्या सोबत्यांनी झर्झुरा क्लब काढला होता. झर्झुरा हे दंतकथेतले हरवलेले मरूद्यान. ते शोधणाऱ्या वेड्यांचे हे मित्रमंडळ. त्याच वेडाने झपाटलेला हंगेरीचा आल्माशी पुढे जर्मनांच्या बाजूला गेला आणि १९४२ साली त्याने त्याच वाळवंटातून जर्मन हेरांना नाईलपर्यंत पोहोचविले. एकाच हरवलेल्या गावाचा शोध घेणारी माणसे एकमेकांच्या विरुद्ध नकाशे वापरू लागली. ज्ञान निरागस असते असे आपण म्हणतो. पण नकाशा कोणाच्या हातात आहे यावर त्याचा निरागसपणा ठरतो. आणि ज्या तेबूंच्या, बदाऊन्यांच्या भूमीवर हे युद्ध झाले, त्यांना कोणीच विचारले नव्हते. बॅग्नोल्ड यांच्याविषयी माझ्या मनात आदर आहे. पण ते साम्राज्याचे सैनिक होते हे लपवून तो आदर वाढणार नाही.

१९४४ साली ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले. ज्या गृहस्थाने कधी विद्यापीठात नोकरी केली नाही, त्याला शास्त्रज्ञांच्या पंक्तीत मानाचे पान मिळाले. १९४६ साली त्यांनी विवाह केला. त्या वेळी ते पन्नाशीला पोहोचले होते. पुढची दोनेक वर्षे ते शेल या तेल कंपनीचे संशोधन-संचालक होते. वाळूतून तेल काढणे ही आपल्याकडे अशक्याची परिसीमा. येथे मात्र तेलवाल्यांनीच वाळूच्या माणसाला बोलावून नेले! ती नोकरी सोडून ते पुन्हा आपल्या प्रश्नांकडे वळले. आता वाऱ्याच्या जागी पाणी आले. नदी आपला गाळ कसा वाहून नेते, या विषयावर त्यांनी कित्येक वर्षे काम केले आणि अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यातील संशोधकांशी त्यांचे सहकार्य जुळले.

आणि मग या गोष्टीत मंगळ ग्रह येतो.

दुर्बिणीतून मंगळावर काळसर डाग दिसतात आणि ऋतूंबरोबर ते गडद-फिके होतात. ते रान असावे, वसंतात हिरवे होत असावे, अशी पुष्कळांची कल्पना होती. १४ नोव्हेंबर १९७१ रोजी 'मरिनर ९' हे यान मंगळाभोवती फिरू लागले. दुसऱ्या ग्रहाची प्रदक्षिणा करणारे हे पहिलेच यान. परंतु त्याने कॅमेरा रोखला तेव्हा समोर काहीच दिसेना. सबंध ग्रह धुळीच्या वादळात बुडून गेला होता. धुळीवर डोके काढून फक्त चार काळे ठिपके दिसत होते. ते प्रचंड ज्वालामुखींचे माथे होते हे मागाहून कळले. त्याच सुमारास पोचलेल्या दोन सोव्हिएत यानांना थांबण्याची सोय नव्हती. त्यांचे अवतरक वादळातच उतरले. एक आपटून फुटला आणि दुसऱ्याचा आवाज काही सेकंदांत बंद पडला. 'मरिनर ९' मात्र धूळ बसेपर्यंत वाट पाहत राहिले. मग जी चित्रे आली, त्यांत विवरांच्या मागे वाऱ्याने ओढलेले पट्टे होते आणि एका विवराच्या तळाशी वाळूच्या टेकड्यांचे रानच पसरलेले होते. ऋतूंबरोबर पालटत होते ते रान नव्हते, ती धूळ होती! फिकट धूळ काळ्या खडकावर बसे, आणि वारा ती पुन्हा झाडून काढी.

आता प्रश्न असा, की तेथे वारा वाळू हलवितो तरी कसा? मंगळावर हवेचा दाब पृथ्वीवरील दाबाच्या शंभराव्या भागाहूनही कमी आहे. गुरुत्वाकर्षण येथल्या ३८ टक्के. इतक्या विरळ हवेतला वारा म्हणजे जणू कागदी काठीचा मार. शास्त्रज्ञांनी धाव घेतली ती बॅग्नोल्ड यांच्या तीस वर्षांपूर्वीच्या ग्रंथाकडे. नासाच्या एम्स संशोधन केंद्रात कमी दाबाचा वातबोगदा उभारून त्यांच्या सूत्रांची मंगळासाठी फेरमोजणी झाली. १९७७ साली पृथ्वी आणि मंगळ यांवरील वाळवंटी भूदृश्यांविषयीच्या नासाच्या परिषदेत बीजभाषण करण्यासाठी त्यांनाच बोलावण्यात आले. त्या वेळी त्यांचे वय होते एक्क्याऐंशी!

एक कोडे तरीही उरले. मंगळावर वाळू सुटायला जेवढा वारा हवा, तेवढा वारा तेथे उतरलेल्या यानांना क्वचितच आढळला. तरी टेकड्या हलताना दिसतात. याची वाट पुन्हा बॅग्नोल्ड यांच्याच भेदातून निघाली. पृथ्वीवर हलते ठेवण्याचा वेग हलविण्याच्या वेगाच्या सुमारे ८० टक्के असतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका संगणकीय अभ्यासाप्रमाणे मंगळावर तो अवघा एक-दशांशाच्या आसपास असावा. तेथे गुरुत्व कमी, हवा विरळ. कण उंच आणि लांब उडी घेतो आणि जोराने आदळतो. एखाद्या जोरदार झुळकेने नाच सुरू झाला, की मंद वाराही तो चालू ठेवतो. काचेच्या बोगद्यातले ते निरीक्षण दुसऱ्या ग्रहावर कामी आले.

हे सारे पाहायला बॅग्नोल्ड नव्हते. २८ मे १९९० रोजी, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. 'सँड, विंड अँड वॉर' हे त्यांचे आत्मचरित्र त्यांच्या मागे प्रसिद्ध झाले. पण त्यांचे नाव मंगळावर आहे. तेथील गेल विवरातील काळ्या टेकड्यांच्या पट्ट्याला शास्त्रज्ञांनी 'बॅग्नोल्ड ड्यून्स' असे नाव दिले. २०१५ सालाच्या अखेरीस 'क्युरिऑसिटी' ही गाडी तेथे पोहोचली. परग्रहावरील जिवंत, म्हणजे सरकत्या टेकडीची जागेवर जाऊन केलेली ती पहिलीच पाहणी. गाडीने वाळू उचलली आणि चाळली. बॅग्नोल्ड जे करीत असत तेच! ती वाळू बेसाल्टची निघाली. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे बेसाल्टच. तेव्हा मंगळावरची ती काळी वाळू जातीने आपल्या पाषाणाची भावंडच म्हणावयाची. त्या टेकड्यांवर सुमारे तीन मीटर अंतराच्या लाटाही आढळल्या. पृथ्वीवरच्या वाळूत वारा तशा लाटा काढीत नाही, आणि बॅग्नोल्ड यांच्या सूत्रांत त्यांना जागा नव्हती. वाळूवरील लहान तरंगांतील अंतर कणाच्या उडीएवढे असते, हे त्यांचे अनुमानही पुढच्या संशोधनात टिकले नव्हतेच. पाया पक्का असला म्हणजे वरची एखादी भिंत बदलता येते.

धूळ मात्र अजून कोणाला पुरती वश झालेली नाही. आपले मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत शिरले आणि काही दिवसांतच त्याने सबंध ग्रहाचे जे चित्र पाठविले, त्यातही धुळीचे एक वादळ दिसत होते. २०१८ सालच्या वादळाने सारा ग्रह झाकला, 'ऑपॉर्च्युनिटी' या गाडीला सूर्यप्रकाश मिळेना आणि जूनमध्ये ती कायमची गप्प झाली. तिची जुळी बहीण 'स्पिरिट' हिच्या सूर्यपट्ट्यांवर अशीच धूळ साचली होती. २००५ साली वाऱ्याने ती अचानक झाडून नेली आणि गाडीला पुन्हा तरतरी आली. त्याच सुमारास तिने तेथील वावटळींची छायाचित्रेही पाठविली.

वावटळी! ते चित्र मी प्रथम पाहिले तेव्हा मला आजीची आठवण झाली. तोच तांबूस माळ, तोच गरगरत वर चढणारा खांब. तेथे फक्त दार लावून घेणारी आजी नव्हती.

मी स्वतःची फसवणूक करीत नाही. बॅग्नोल्ड कर्नलचे चिरंजीव होते, केंब्रिजला शिकलेले होते आणि हौसेखातर मोटारी घेण्याइतका पैसा त्यांच्यापाशी होता. गोदाकाठच्या कोरडवाहू घरातल्या मुलीने त्यांचे चरित्र वाचून मीही तशीच होईन म्हणणे पोरकटपणाचे ठरेल. मला त्यांच्यापासून एवढेच घ्यावेसे वाटते, की प्रश्न विचारायला कोणत्याही शाखेचा दाखला लागत नाही. नावे पाठ करणे म्हणजे भूगोल नव्हे. चाळणी, तराजू आणि धीर असेल तर पायाखालचा कणसुद्धा बोलतो.

गेल्या उन्हाळ्यात आजोबा खळ्यावर हरभरा उपणीत होते. आता मळणीयंत्र आले आहे, तरी घरापुरती थोडी रास ते अजून हातानेच उपणतात. घडवंचीवर उभे राहून, वाऱ्याचा अंदाज घेऊन, सूप तिरपे करून. दाणा पायाशी पडत होता, भुसा थोडा दूर, आणि धूळ पार बांधापलीकडे. जन्मभर हे मी पाहिले होते आणि कधीच पाहिले नव्हते. मी आजोबांना विचारले, की वारा कमी झाला हे सुपावर कसे कळते? त्यांनी सूप खाली ठेवले आणि ते मला समजावून सांगू लागले. मी वही काढली.

सरांची वही पुरी व्हायची आहे. पण आता ती उतरवून काढलेली नसेल.

— तृतीय वर्ष कला (भूगोल)